धातूंत मुरलेला रंग

वस्तूला रंग देण्याचे नेहमींचे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. भिंतीला चुना लावतात, दाराखिडक्यांना तैलरंग देतात, पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान असते, ती ही कीं, वस्तु निराळी आणि तिच्यावरचा थर निराळा. कल्हई गेली तर कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावें. पातेलें होतें तेंच राहतें. परंतु धातूला रंग देण्याची अशीहि एक रीत आहे कीं, जींत थर बाहेरून येतच नाहीं. धातु आपल्याच अंगांतून एक कातडी निर्माण करतो आणि रंग त्या कातडींत मुरतो. ॲल्युमिनियमच्या बाबतींत ही रीत शंभर वर्षांपासून चालत आली असून तिला ॲनोडायझिंग असें म्हणतात. शहरांतील पुष्कळ स्वयंपाकघरांत दिसणारी काळसर कढई आणि इमारतींच्या खिडक्यांच्या सोनेरी किंवा तपकिरी चौकटी हीं तिचींच उदाहरणें होत.

असा मुरलेला रंग बदलावयाचा झाल्यास काय करावें लागतें, आणि त्याची किंमत कशांत मोजावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठीं उदाहरण घ्यावयाचें तें बंदुकीच्या ॲल्युमिनियमच्या भागांचें. हें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. कारण अशा बंदुका खासगी मालकीच्या म्हणून तेथें फार मोठ्या संख्येनें आहेत, आणि त्यांचा काळा रंग काढून तपकिरी, हिरवा, तांबडा किंवा निळा रंग देण्याची हौसहि तेथेंच वाढलेली आहे. कढईचा रंग बिघडला तर फार तर एक कढई बिघडते. बंदुकीच्या भागांत मात्र केंसाच्या जाडीहूनहि कमी अंतराला महत्त्व असतें, आणि तेथें झालेल्या चुकीची भरपाई पैशानें होईलच असें नसतें. म्हणून या उदाहरणांत विषयाचें मर्म अधिक स्पष्ट दिसतें.

बंदूक म्हटली कीं पोलाद आणि लांकूड हीं दोनच द्रव्यें पूर्वीं डोळ्यांपुढें येत. अमेरिकेंतील फेअरचाइल्ड या विमानें बांधणाऱ्या कंपनीची आर्मालाइट नांवाची शाखा १९५४ सालीं कॅलिफोर्नियांत सुरू झाली. विमानांच्या धंद्यांतले हलके धातु बंदुकींत आणावे, ही त्या शाखेची दृष्टि होती, आणि युजीन स्टोनर हे तिचे प्रमुख संकल्पक होते. तेथें तयार झालेल्या एआर-१५ या बंदुकीचे हक्क १९५९ सालीं कोल्ट कंपनीनें घेतले. तिचेंच लष्करी रूप पुढें एम-१६ या नांवानें जगभर प्रसिद्ध झालें. या बंदुकीची नळी पोलादाची, चाप व घोडा पोलादाचे. परंतु हे सर्व ज्या पेटीवजा भागांत बसवितात ते दोन भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. इंग्रजींत त्यांना वरचा व खालचा रिसीव्हर असें म्हणतात.

या भागांसाठीं आज बहुधा ७०७५ क्रमांकाचा मिश्रधातु वापरतात. त्यांत ॲल्युमिनियमखेरीज शेंकडा सुमारें साडेपांच भाग जस्त, अडीच भाग मॅग्नेशियम आणि दीड भाग तांबें असतें. अल्कोआ कंपनीनें तो १९४३ सालीं विमानांसाठीं बाजारांत आणला. वजनानें तो पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश भरतो, आणि बळकटींत साध्या पोलादाला हार जात नाहीं. पण त्यांत दोन उणिवा आहेत. त्याचें पृष्ठ पोलादाच्या मानानें मऊ असल्यामुळें घासलें जातें. आणि तांबें व जस्त मिसळलेलें असल्यामुळें दमट व खाऱ्या हवेंत त्याला खड्डे पडतात. या दोन्ही उणिवांवरचा उपाय म्हणजे वर सांगितलेली कातडी.

ॲल्युमिनियमला हवा लागतांच प्राणवायूशीं संयोग होऊन त्याच्यावर एक अतिशय पातळ पडदा आपोआप चढतो. हा पडदा मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनहि पातळ असतो. तरी साध्या भांड्यांचें रक्षण करण्यास तो बराच पुरा पडतो. १९२३ सालीं इंग्लंडांत बेंगो व स्टुअर्ट या दोघांनीं क्रोमिक अम्लांत विजेच्या साह्यानें हा पडदा जाड करण्याची रीत शोधून काढली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वांचवावे, हा त्यांचा हेतु होता. पुढें १९२७ सालीं गंधकाम्लाची रीत निघाली, आणि आज तीच सर्वांत अधिक प्रचारांत आहे.

ही रीत समजण्यास अवघड नाहीं. पाण्यांत शेंकडा पंधरा ते वीस गंधकाम्ल मिसळून त्यांत ॲल्युमिनियमची वस्तु बुडवितात आणि ती विजेच्या धनाग्राला जोडतात. धनाग्राला इंग्रजींत ॲनोड म्हणतात, त्यावरूनच हें नांव पडलें. वीज सुरू झाली कीं वस्तूच्या पृष्ठावर प्राणवायु येतो, तो बाहेर न पडतां धातूशींच संयोग पावतो, आणि धातूच्या जागीं ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होऊं लागतें. माणिक, नीलम आणि धार लावण्याचा कुरुंद हीं मूलतः याच द्रव्याचीं रूपें आहेत, एवढें सांगितलें म्हणजे त्याच्या कठीणपणाची कल्पना येईल. शोभेच्या वस्तूंवर ही कातडी पांच ते पंचवीस मायक्रॉन जाडीची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बंदुकीच्या भागांना जी कठीण कातडी देतात ती शून्य अंशाच्या आसपास थंड केलेल्या अम्लांत, अधिक जोराच्या विजेनें वाढवितात, आणि तिची जाडी सामान्यतः पन्नास मायक्रॉन असते.

परंतु या कातडींत रंग शिरतो कसा? १९५३ सालीं अल्कोआच्या संशोधकांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तिचें परीक्षण केलें, तेव्हां ती मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसली. षट्‌कोनी कोठड्या एकमेकींस चिकटलेल्या, आणि प्रत्येकीच्या मध्यभागीं वरपासून खोलवर गेलेलें एक सूक्ष्म छिद्र. अशीं छिद्रें एका चौरस सेंटिमीटरांत अब्जावधि असतात. वस्तु अम्लांतून काढून धुतली आणि ऊन पाण्यांत विरघळविलेल्या रंगांत बुडविली कीं रंग या छिद्रांत उतरतो व त्यांच्या भिंतींना घट्ट धरून बसतो.

येथें आपल्या रंगाऱ्यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. मंजिष्ठाचा तांबडा रंग सुती कापडावर टिकावा म्हणून रंगारी तें कापड आधीं तुरटीच्या पाण्यांतून काढीत. तुरटींत ॲल्युमिनियम असतें. त्याचें एक संयुग धाग्यांत बसतें आणि तेंच रंगाला धरून ठेवतें. ॲल्युमिनियम हें नांवच मुळीं तुरटीच्या लॅटिन नांवावरून आलेलें आहे. म्हणजे रंगाऱ्याच्या कुंडांत जें कार्य तुरटी करी, तेंच कार्य या कारखान्यांत धातूची कातडी करते. फरक इतकाच कीं, कापडाला तुरटी बाहेरून द्यावी लागते, आणि येथें रंगाला धरणारें द्रव्य वस्तूच्या अंगांतूनच उगवलेलें असतें.

रंग भरल्यावर शेवटचा संस्कार उरतो तो छिद्रें मिटविण्याचा. वस्तु उकळत्या पाण्यांत ठेवली कीं ऑक्साइड पाणी शोषून फुगतें, छिद्रांचीं तोंडें मिटतात, आणि रंग आंत कोंडला जातो. मग हात लावला, तेल लागलें, पाऊस पडला, तरी तो निघत नाहीं. तथापि तो अमर आहे असें मात्र नव्हे. सेंद्रिय रंग उन्हानें हळूहळू उडतात. एआर-१५ चे कांहीं काळे भाग कालांतरानें जांभळट दिसूं लागतात, हा तेथील अनेक मालकांच्या अनुभवाचा विषय आहे. वरचा भाग काळा व खालचा जांभळट असें झालें कीं मालकाला तें खटकतें, आणि रंग बदलण्याचा विचार मनांत येतो.

आतां या मालकापुढें कोणते मार्ग आहेत तें पाहूं. जुन्या रंगावर नवा रंग चढवावा हा पहिला विचार. पण तो निष्फळ ठरतो. छिद्रें मिटलेलीं असल्यामुळें नवा रंग आंत शिरत नाहीं, वरच्या वर धुतला जातो. तेव्हां जुनी कातडीच काढली पाहिजे. ती काढण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कॉस्टिक सोडा. त्याच्या द्रावणांत ही कातडी विरघळते. परंतु सोड्याला कातडी कोठें संपली आणि धातु कोठें सुरू झाला हें कळत नाहीं. कातडी संपतांच तो उघड्या धातूला खाऊं लागतो, हायड्रोजनचे बुडबुडे जोरानें निघतात, आणि द्रावण तापत जातें. ज्या कोपऱ्यांत कातडी पातळ तेथला धातु आधीं उघडा पडतो, आणि जाड कातडीचा भाग निघेपर्यंत तो खाल्ला जातो. शिवाय मिश्रधातूंतलें तांबें सोड्यांत विरघळत नसल्यामुळें पृष्ठावर काळा गाळ उरतो, तो नत्राम्लानें काढावा लागतो.

याहून सौम्य उपाय म्हणजे स्फुराम्ल आणि क्रोमिक अम्ल यांचें कढत मिश्रण. तें कातडी विरघळवितें आणि धातूला जवळजवळ धक्का लावीत नाहीं. म्हणूनच प्रयोगशाळांतून कातडीचें वजन काढण्यासाठीं तें वापरतात. पण क्रोमिक अम्ल हें माणसाच्या दृष्टीनें फार घातक आहे. त्याच्या वाफेनें व स्पर्शानें शरीराला अपाय होतो, तें कर्करोगास कारण होतें, आणि त्याचें सांडपाणी गटारांत सोडणें हा अपराध आहे. म्हणजे भागाला सौम्य तें माणसाला कठोर, आणि जें घरीं सहज मिळतें तें भागाला कठोर, असा हा पेंच आहे. यासाठींच हें काम हौशी मंडळींच्या मोरींत न होतां, सोय असलेल्या कारखान्यांत व्हावें हें उचित.

कातडी निघाली, पुन्हां वीज दिली, नवा रंग भरला, छिद्रें मिटविलीं. भाग नवा दिसूं लागला. पण तो पूर्वींचाच राहिला काय? येथें थोडा हिशेब केला पाहिजे. कठीण कातडी वाढते तेव्हां तिची निम्मी जाडी मूळ पृष्ठाच्या बाहेर येते व निम्मी आंत शिरते. म्हणजे पन्नास मायक्रॉनच्या कातडीसाठीं पंचवीस मायक्रॉन धातु खर्ची पडतो. ती कातडी काढली कीं तो धातु कायमचा गेला. पुन्हां तेवढीच कातडी वाढविली म्हणजे आणखी पंचवीस मायक्रॉन जातात, आणि भागाचें बाहेरचें पृष्ठ पहिल्यापेक्षां पंचवीस मायक्रॉन आंत सरकतें. भोंकाच्या बाबतींत हें दोन्ही बाजूंनीं होत असल्यामुळें त्याचा व्यास पन्नास मायक्रॉननें, म्हणजे सुमारें दोन सहस्रांश इंचानें वाढतो.

एआर-१५ च्या खालच्या भागांत चाप व घोडा ज्या खिळींवर फिरतात त्यांचीं भोंकें ०.१५४ इंच व्यासाचीं असतात. खीळ व भोंक यांत फट इतकी थोडी ठेवलेली असते कीं, दोन सहस्रांश इंच ही तेथें क्षुल्लक रक्कम नव्हे. आणि मालकाला तांबडा किंवा निळा असा उजळ रंग हवा असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. कठीण कातडी स्वभावतःच करड्या रंगाची असते. तींत काळा किंवा गडद रंगच शोभतो. उजळ रंगासाठीं पातळ कातडी द्यावी लागते, ती बाहेर कमी वाढते, आणि भोंकाच्या व्यासांतला फरक नव्वद मायक्रॉनच्या आसपास जातो. खिळी सैल पडतात. घोड्याला धरून ठेवणारी चापाची पकड ज्या बारीक मापांवर अवलंबून असते तीं मापें ढळतात. पृष्ठहि पूर्वींपेक्षां लवकर झिजूं लागतें. कुशल कारागीर भोंकांत आधीं बुचें बसवून तीं जपतो. ज्याला हें माहीत नसतें तो रंग मिळवितो आणि माप गमावतो.

मापापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रमांक. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें प्रत्येक बंदुकीवर क्रमांक कोरणें उत्पादकांवर बंधनकारक झालें, आणि एआर-१५ चा हा क्रमांक खालच्या ॲल्युमिनियमच्या भागावरच असतो. कायद्याच्या दृष्टीनें तो भाग म्हणजेच बंदूक. बाकीचे सुटे भाग. आजच्या नियमाप्रमाणें या कोरीव अंकांची खोली कमींत कमी तीन सहस्रांश इंच, म्हणजे सुमारें ७६ मायक्रॉन असावी लागते. सोड्यानें अंकांच्या कडा बोथट होतात. आणि सोड्याचे डाग घालविण्यासाठीं पृष्ठ घासून गुळगुळीत करूं गेल्यास ७६ मायक्रॉन जाण्यास वेळ लागत नाहीं. क्रमांक पुसलेली किंवा बदललेली बंदूक जवळ बाळगणें हा तेथें गंभीर गुन्हा आहे. हिंदुस्थानांतहि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानें बंदुकीवरील नांव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणें, काढणें वा बदलणें निषिद्ध आहे. ज्या अंकांवरून हरवलेल्या वा चोरीस गेलेल्या शस्त्राचा माग लागावयाचा, ते अंक रंगाच्या हौसेपायीं नाहींसे व्हावे, यापेक्षां अधिक अनर्थ तो कोणता?

मग रंग बदलूंच नये काय? तसें नाहीं. दुसराहि एक मार्ग आहे, आणि आज अमेरिकेंत पुष्कळ कारागीर त्याचाच अवलंब करतात. जुनी कातडी न काढतां तिच्यावर बारीक वाळूसारख्या कणांचा हलका मारा करून ती किंचित् खरखरीत करतात, आणि त्यावर चिनी मातीसारखे कण मिसळलेला कठीण रंग फवारून भट्टींत भाजतात. सेराकोट हें अशा रंगांतलें एक प्रसिद्ध नांव. हा रंग धातूंत मुरत नाहीं, वर बसतो. कालांतरानें कडांवरून झिजतो. परंतु त्याच्या खालीं धातूची मूळ कातडी शाबूत राहते, आणि तो झिजला तर पुन्हां देतां येतो. म्हणजे फिरून कल्हईचाच न्याय आला. थराची जाडी मात्र येथेंहि हिशेबांत धरावी लागते, आणि भोंकें व सरकतीं पृष्ठें झांकून घ्यावीं लागतात.

या मार्गांत सांभाळावयाची मुख्य गोष्ट म्हणजे उष्णता. ७०७५ या मिश्रधातूला त्याची बळकटी सुमारें १२० अंशांवर चोवीस तास ठेवून आणलेली असते. भट्टींत भाजण्याच्या या रंगांना बहुधा तेवढीच, १२० अंशांच्या आसपासची उष्णता दोन तास लागते, व तीनें धातूचें विशेष नुकसान होत नाहीं. पण कपाटें, खुर्च्या यांना देतात तो भुकटीचा रंग १८० ते २०० अंशांवर वितळवितात. तेवढ्या उष्णतेंत या मिश्रधातूची बळकटी उतरूं लागते, आणि ती उतरली आहे हें डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं. रंग सुंदर येतो, भाग आंतून दुबळा होतो. फसविणारा सुंदरपणा तो हाच.

रंगाच्या निवडीलाहि एक मर्यादा आहे, आणि ती धातूची नसून विवेकाची आहे. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यानें खेळण्यांतल्या बंदुकांच्या टोंकाला भडक नारिंगी खूण असावी असें ठरलें. खरी बंदूक आणि खेळणें यांत घोटाळा होऊन कोणाचा जीव जाऊं नये, हा त्यांतला हेतु. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरांत खरें शस्त्र तांबडें, पिवळें किंवा नारिंगी करणें म्हणजे ही खूण उलट्या बाजूनें पुसून टाकणें होय. मुलाच्या डोळ्यांना रंग आधीं दिसतो, धोका मागून कळतो. शस्त्र कुलपांत ठेवणें हा यावरचा पहिला नियम. आणि शस्त्र हें शस्त्रासारखेंच दिसूं द्यावें, हा दुसरा.

महाराष्ट्रांतल्या घरांत एआर-१५ नाहीं. पण ॲनोडायझिंगची कातडी पुष्कळ घरांत आहे, आणि हाच न्याय तिलाहि लागू पडतो. काळी कढई धुण्याच्या सोड्यानें किंवा तशाच खाऱ्या चूर्णानें घासली कीं काळेपणा जातो व पांढरे चट्टे पडतात; गृहिणीला वाटतें कीं मळ निघाला. वस्तुतः निघालेली असते ती कढईची कातडी. ती घांसून परत येत नाहीं. अशा भांड्याला साधा साबण व मऊ चोथा पुरेसा असतो. खिडकीच्या सोनेरी चौकटीवर चुन्याचा वा सिमेंटचा शिंतोडा उडाल्यास तो वाळण्यापूर्वींच पुसावा; कारण चुना व सिमेंट हींहि या कातडीचीं वैरी आहेत.

जो रंग वरून दिलेला असतो तो उतरवितां येतो, आणि वस्तूला त्याचें सोयरसुतक नसतें. जो रंग वस्तूनें स्वतःच्या अंगांतून काढलेल्या कातडींत धरलेला असतो, तो उतरविण्यासाठीं वस्तूला स्वतःचा अंश द्यावा लागतो. पंचवीस मायक्रॉन ही रक्कम डोळ्यांना न दिसणारी आहे. पण तिच्या पलीकडे खिळीचें भोंक आहे, कोरलेला क्रमांक आहे, आणि चापावर बोट ठेवणाऱ्या माणसाची व त्याच्या शेजाऱ्याची सुरक्षितता आहे. रंग बदलण्याची हौस असणाऱ्यानें आधीं कारागिराला कोणता रंग देतां असें न विचारतां, किती धातु घेतां असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर ज्याला आंकड्यांत देतां येतें, त्याच्याच हातीं आपली वस्तु सोंपवावी.